आधी सांगायचं की आधी विचारायचं

शनिवार, २२ नोव्हेंबर

शशिकलाताई,

विहारातल्या सतरंज्या धुऊन मी गच्चीच्या कठड्यावर टाकल्या आहेत. परवा तुम्ही गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाला जेवणं झाली तेव्हा त्यांच्यावर आलूवांग्याचा रस्सा सांडला. साबण झाला, सोडा झाला, लिंबू चोळून झालं, हळद काही हटत नाही. ऊन चांगलं आहे, संध्याकाळपर्यंत वाळतील. तोवर शाळेच्या गणवेशांच्या बाह्या जोडायला हव्यात, पण आज मशीनवर मन लागत नाही. लागत नाही तर नाही, म्हणून सरळ लिहायला बसले.

परवा लोक तुमच्याबद्दल बोलले. कुठल्या कुठल्या शाळांवर होत्या, कसे विद्यार्थी घडवले, स्वभाव कसा मनमिळाऊ. माइक खरखरत होता. मी मागे पातेल्यांपाशी उभी राहून ऐकत होते. तुम्ही आणि मनमिळाऊ! "निर्मले, तुझं डोकं चांगलं आहे, पण थे तू बॉबिनच्या डबीत ठेवून येते," असं भर वर्गात म्हणणारी बाई त्या भाषणांत मला कुठे सापडली नाही. माझी ओळख त्या बाईशी होती. त्यामुळे हे तिलाच लिहिते आहे.

अडचण अशी आहे की उद्या रविवार आहे. वंदना झाल्यावर बायांचा इंग्रजीचा वर्ग असतो. असायचा. मागच्या रविवारी तुमच्या जाण्यामुळे कोणी विषय काढला नाही. परवा मात्र जेवणं आटोपल्यावर विहार समितीचे वामनभाऊ माझ्याकडे आले. सतरंज्या, खडू आणि किल्ली माझ्याकडे असते म्हणून वर्गाचा वारसाही माझ्याकडे आला असं त्यांना वाटलं असावं.

"निर्मलाबाई, वर्ग बंद नाई पडला पाह्यजे," ते म्हणाले. "टीव्ही हाये ना विहारात. मोबाइल जोडजो अन् व्हिडिओ लावजो. अख्खं ग्रामर हाये त्याच्यात. नाम, क्रियापद, सगळं रंगीत. तुमाले फक्त रिमोट दाबा लागते."

मी व्हिडिओ पाहिला. खरं सांगते, वाईट नाही. त्यातली मुलगी स्वच्छ बोलते, घाई करत नाही, आणि तुमच्यासारखी कोणाच्या डोक्याची चौकशी करत नाही. मी जवळजवळ हो म्हटलं होतं. माझी दिवाळीनंतरची शिलाई तुंबली आहे, आणि मी दहावीला इंग्रजीत नापास झालेली बाई आहे. त्याचं मला काही दुःख नाही. नापास झाले म्हणून मशीनवर बसले, आणि त्या मशीनवर घर उभं राहिलं. पण नापास ते नापास. फळ्यापुढे उभं राहायला कोणीतरी पास झालेलं लागतं, असं माझं मत होतं आणि ते मी तुम्हाला ऐकवलंही होतं. तुम्ही प्रत्येक वेळी म्हणायच्या, "एक दिवस वर्ग तूच घेशीन." मी म्हणायचे, "मी सतरंज्या टाकीन." आपलं ते बोलणं तिथेच थांबायचं.

तुमची माझी खरी ओळख खिशांमुळे झाली, आठवतं? शेजारी राहत होतो, पण तुम्ही शाळेच्या बाई आणि मी शिलाईवाली, जाता येता मान हलवण्यापुरतं नातं. मग सेलूतल्या एका इंग्रजी शाळेचं काम मला पहिल्यांदा मिळालं. कागदावर मापं होती, रंग होता आणि शर्टाखाली एका ओळीत शेवटचा शब्द पॉकेट. पॉकेट मला वाचता आलं. मी सगळ्या शर्टांना खिसे लावले, नीट, दुहेरी टीप घालून. ते गठ्ठेच्या गठ्ठे परत आले. मी ओट्यावर बसून खिसे उसवत होते तेव्हा तुम्ही नळाचं पाणी भरायला बाहेर आल्या. कागद उचलून वाचला.

"पॉकेटच्या आधी विदाउट लिहिलं आहे. खिशाशिवाय."

"मी पाहिलं होतं ना," मी म्हटलं. "पॉकेटच्या मागे काही नव्हतं."

तुम्ही हसल्या नाहीत. तुम्ही पाण्याचा गुंड पायरीवर ठेवला, माझ्याजवळची दुसरी कातरी घेतली आणि खिसे उसवायला बसल्या. उसवता उसवता म्हणालात, "बरोबर आहे तुझं. आपल्यात शिवाय मागेच असते. खिशाशिवाय, पेटीत, झाडाखाली. आपले हे शब्द पोरासारखे मागून पदर धरून चालतात. इंग्रजीतले पुढे पळतात. तू आपल्या सवयीनं मागे पाहिलं. याले अडाणीपणा नाई म्हणत, याले मराठी म्हणतात."

ताई, मला आयुष्यात बऱ्याच लोकांनी इंग्रजी येत नाही असं सांगितलं. मला मराठी येतं म्हणून असं झालं, असं सांगणाऱ्या तुम्ही पहिल्या. मला वाटतं मी "कातरी सांभाळून, कापड फाटीन" असं काहीतरी म्हटलं. त्या दिवशी सगळे खिसे निघेपर्यंत तुम्ही बसून होत्या, आणि तुमचं पाणी भरायचं राहिलं.

पुढे तुम्ही निवृत्त झाल्या आणि बायांचा वर्ग काढला. कोणाला मुलांच्या शाळेतले निरोप वाचायचे होते, कोणाला मोबाइल. तुमची पद्धत मात्र विचित्र. पुस्तक नाही, पाठांतर नाही. तुम्ही आम्हाला सतरंजीवर पंगतीसारखं बसवायच्या. एकजण आई, एकजण भाकर, एकजण खाते. आई आणि भाकर ही नामं, म्हणजे जेवायला बसलेली माणसं. खाते हे क्रियापद, म्हणजे वाढपी. वाढणारा आल्याशिवाय पंगत अडून राहते, तसं क्रियापदाशिवाय वाक्य अडून राहतं. मराठीत वाढपी शेवटी उभा राहतो: आई भाकर खाते. इंग्रजीत तो पहिल्या माणसाला लागूनच उभा राहतो: आई खाते भाकर. एवढंच शिकायचं होतं.

एवढंच जमेना. तुम्ही मला क्रियापद केलं आणि म्हणालात, "जा, जागेवर उभी राह्य." मी जाऊन शेवटी उभी राहिले. मला ओढून मधे आणलं. पुढच्या वाक्याला मी पुन्हा शेवटी. माझ्यानंतर क्रियापद झालेली प्रत्येक बाई शेवटीच गेली. तुम्हाला वाटलं नियम समजला नाही. नियम समजला होता ताई. पंगतीत पहिल्याच्या शेजारची जागा पाहुण्याची असते, जावयाची असते. घरची बाई वाढते आणि सगळ्यांच्या मागून बसते. तुम्ही पंगत म्हटलं आणि आमचे पाय आपोआप टोकाला गेले.

तुमच्या ते लक्षात आलं तेव्हा तुम्ही कपाळाला हात लावला. "अवं बायांनो, हे जेवण नाई, हे वाक्य आहे! इथं तरी मधात बसा व माय!"

त्या दिवशी विहारात एवढा हशा झाला की वामनभाऊ बाहेरून डोकावून गेले. दुसरी एखादी बाई असती तर तिने पंगतीचा नाद सोडून फळ्यावर चौकोन काढले असते. तुम्ही पंगत सोडली नाही. दर रविवारी आम्हाला ओढून मधे उभं करत राहिल्या. पावसाळा संपला तेव्हा आम्ही आपापल्या पायांनी मधे जात होतो. आणि मी इथे लिहून ठेवते, त्यानंतर घरीसुद्धा मी सगळ्यांबरोबर ताट वाढून घ्यायला लागले. तुम्हाला हे सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर तुम्ही त्यावर भाषण केलं असतं.

आपलं भांडणही कमी झालं नाही. पावसाचंच घ्या.

"पाऊस पडून राह्यला, हे इंग्रजीत कसं सांगशीन?"

"रेन," मी म्हटलं, "आणि मग पडण्याचं काय असेल ते."

"नाई. इट इज रेनिंग."

"हा इट कोण?"

"कोणी नाई. इंग्रजीत कर्त्याची जागा रिकामी ठेवता येत नाई, म्हणून बसवला."

"म्हणजे पडून राह्यला पाऊस, अन् पहिल्या खुर्चीवर इट?"

"हो."

"काम काही नाई, खुर्ची पहिली. मंग हा तर आपल्या सोसायटीचा अध्यक्षच झाला."

तुम्ही ओठ दाबून धरले, पण बायांबरोबर शेवटी हसल्याच. मी मात्र तो विषय सोडला नाही. कोणीच नसेल तर त्याला नाव कशाला, असं मी तुम्हाला भाजी घेताना विचारलं, एसटीत विचारलं, एकदा दवाखान्याच्या रांगेतही विचारलं. एकदा तुम्ही म्हणालात, आभाळ समज. दुसऱ्यांदा म्हणालात, आभाळबिभाळ काही नाही, शाळेत असती तर बाकावर उभी केली असती. माझं अजून समाधान झालेलं नाही.

पण आपलं मोठं भांडण लीलाबाईंवरून झालं.

लीलाबाई जिनिंगमध्ये कापूस लोटायला जातात, वर्गात सगळ्यांत वयस्क. त्यांचा प्रशांत बंगळुरूला नोकरीला लागला आणि त्याने तिथल्याच एका नर्सशी लग्न केलं. सून केरळची, अनु नाव. तिला मराठी येत नाही, हिंदी मोडकी, इंग्रजी चांगली. लग्न तिकडेच झालं, आणि लीलाबाईंनी सुनेला अजून प्रत्यक्ष पाहिलेलं नाही. डिसेंबरात ती पहिल्यांदा सेलूला येणार आहे, आणि प्रशांतला सुटी मिळेपर्यंत काही दिवस एकटीच सासूपाशी राहणार आहे. म्हणून लीलाबाई वर्गात आल्या. "पोरगा मधात असला का अर्धं इकडं गिळते, अर्धं तिकडं गिळते," त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या. "मले तिच्याशी सीधं बोलाचं हाये."

तुम्ही त्यांना सगळ्यांसारखंच शिकवलं. कर्ता, क्रियापद, कर्म. आधी आजचं, मग कालचं. आय ईट भाकर. आय एट भाकर. वर्ग सुटला की त्या तिथूनच अनुला व्हिडिओ फोन लावायच्या आणि शिकलेलं सांगायच्या. धिस इज माय हाउस. आय ड्रिंक टी. अनु तिकडून मान डोलावायची. गोड पोरगी आहे. पण ते बोलणं कसलं, ते रेडिओवरच्या बातम्या देणं झालं.

एका रविवारी लीलाबाईंना राहवलं नाही. आपल्याकडे माणूस दिसला की पहिलं काय विचारतात? जेवण झालं का. त्याशिवाय पुढचं बोलणं सुरूच होत नाही. त्यांच्याकडे होते तेवढे शब्द त्यांनी लावले. सुनेकडे पाहून, आवाज जरा चढवून, म्हणाल्या, "यू ईट."

अनुचा चेहरा बावरला. ती उठली, आत गेली, ताट घेऊन आली आणि फोनसमोर बसून जेवायला लागली.

आम्ही हसून हसून लोळायच्या बाकी होतो. तुम्हीही. लीलाबाईही हसल्या. पण पुढच्या रविवारी फोन लावला तर अनु आधीच ताट घेऊन बसलेली. त्याच्या पुढच्या रविवारी पण. सासूचा नियम आहे असं समजून ती पोरगी भूक असो नसो, ताट मांडून बसायची. मग लीलाबाईंचं हसू गेलं. माझ्याबरोबर घरी चालताना म्हणाल्या, "माह्या सुनेले वाटते, सासू हुकूम सोडून राह्यली. मी तिले माया लावाले गेली अन् हे काय होऊन बसलं, निर्मला?"

त्याच संध्याकाळी मी तुमच्या ओट्यावर आले. तुम्ही मेथी निवडत होत्या. मी बसलेसुद्धा नाही.

"ताई, प्रश्न विचाराले शिकवा. उद्याच्या उद्या."

"येईन थो धडा. अजून बाया सांगायच्या वाक्यात चुकून राह्यल्या."

"चुकू द्या. माणूस आधी विचारते, मंग सांगते. तुम्ही उलटं शिकवून राह्यल्या."

"ज्याले सांगता येत नाई थो विचारून काय करीन? समोरच्यानं उलटून विचारलं तर तोंड पाह्यत बसीन. पाया आधी, निर्मले."

"मी ब्लाउज शिवते ताई. बाई लग्नाला निघाली असली का मी तिले अस्तर कसं लावतात हे सांगत नाई बसत. हातात ब्लाउज देतो आपण."

"मंग दे तिले तयार वाक्य. पोपट कर. उद्या सुनेनं दुसरं काही विचारलं का पोपट उडून गेला."

आपले आवाज चढले होते. समोरच्या खिडकीतून कोणी पाहत होतं. मी जायला वळले तेव्हा तुम्ही मेथीची जुडी बाजूला ठेवली आणि मला हाताला धरून बसवलं. प्रश्न कसा करतात ते मला सांगितलं. मला एकटीला. कालच्या गोष्टीचा प्रश्न असेल तर डिड नावाचं मदतीचं क्रियापद सगळ्यांच्या पुढे येतं. कालचा अर्थ ते आपल्या डोक्यावर घेतं. "वावरातून दोघी येऊन राह्यल्या," तुम्ही म्हणालात, "पुढचीनं गठोडं डोक्यावर घेतलं का मागची मोकळी चालते. तसं डिडनं काल उचलला का एट मोकळं होते, पुन्हा साधं ईट होते."

मला एका दमात समजलं. समजलं म्हणून आणखी राग आला, की एवढं सोपं होतं तर अडवून का ठेवलं.

"आता लीलाबाईले तू नको सांगू," तुम्ही बजावलं. "माह्या क्रमानं जाऊ दे. पुढच्या रविवारी मी स्वतः घेतो हा धडा. वचन."

मी नाही सांगितलं. त्या आठवड्यात लीलाबाई मला दोनदा बाजारात भेटल्या, वाक्य माझ्या जिभेवर होतं, आणि मी वांग्याच्या भावावर बोलले. तुमच्या शब्दासाठी थांबले. पुढचा रविवार यायच्या आत एका सकाळी तुमच्या छातीत कळ आली आणि दवाखान्याच्या दारातच सगळं संपलं. माझी तक्रार एवढीच आहे ताई. मरण कोणाला विचारून येत नाही, ते मला कळतं. पण दिलेलं वचन घेऊन जायचं नसतं.

आज सतरंज्या पिळायला लीलाबाई आल्या होत्या. मी बोलावलं नव्हतं. भिजलेली सतरंजी एकटीने पिळली जात नाही, हे त्यांना ठाऊक आहे. एक टोक त्यांनी धरलं, एक मी. पिळता पिळता म्हणाल्या, "उद्या वर्ग हाये का नाई?"

"वामनभाऊ टीव्ही लावा म्हणतात."

"टीव्हीतल्या बाईले मी दिसीन का?"

"नाही."

"मंग थे मले मधात कशी उभी करीन?"

मी सतरंजीला आणखी एक पीळ दिला. पाणी नालीत वाहून गेलं. थोड्या वेळाने त्यांनीच सांगितलं की तुम्ही गेल्यापासून त्यांनी अनुला फोन केलेला नाही. अनुचा दोनदा आला होता, त्यांनी उचलला नाही. उचलून काय बोलायचं? "प्रशांतले सांगू का, डिसेंबरात तिले नको आणू म्हणून? एकटी पोरगी माह्या घरी येईन, अन् मी तिले हुकूम सोडत बसीन. त्याहून नाई आलेली बरी."

तेव्हा मला कळलं की मी रिमोट दाबणार नाही.

तुमच्या जाण्याने मी खचले, असं काही मी लिहिणार नाही. तुम्हाला ते आवडलं नसतं आणि ते खरंही नाही. रोज सकाळी उठते, मशीनवर बसते. फक्त विरामाला जागा राहिलेली नाही. दुपारी चहा ठेवला की एक वाद तुमच्या ओट्यावर नेऊन टाकायची सवय होती, तो आता माझ्याच घरात फिरत राहतो. बाकी माझ्याजवळ जे शिल्लक आहे ते बरंच आहे. मी शाळेचा कागद स्वतः वाचते. शब्दाच्या मागे पाहते आणि पुढेही पाहते. कोणी घाईत काही सांगितलं तर आधी विचारते, करणारा कोण आणि काम कोणतं. अर्धी फसवणूक तिथेच उघडी पडते, हे तुमच्या व्याकरणाने मला दिलं, आणि ते इंग्रजीपेक्षा मराठीतच जास्त उपयोगी पडलं.

आभार मानायचे राहिले. वर्गात थँक यू म्हटलं की तुम्ही कुरकुरायच्या. "हे वाक्य अर्धं आहे. मानणारी कोण? कर्ता कुठं आहे?" आम्ही म्हणायचो सगळं जग असंच म्हणतं. तुम्ही म्हणायच्या जगाला घाई आहे, तुम्हाला नाही. तर घ्या, पूर्ण वाक्य देते. मी, निर्मला, तुमचे आभार मानते. कर्ता आहे, कर्म आहे, क्रियापद शेवटी आहे कारण हे मराठी आहे.

आणि ओट्यावरच्या त्या वादात मीच बरोबर होते. आजही तसंच म्हणते. आधी विचारायचं असतं.

सतरंज्या वाळल्या असतील. उतरवते.

रविवार, २३ नोव्हेंबर

सकाळी सतरंज्या डोक्यावर घेऊन विहारात गेले. वंदना झाली. वामनभाऊ हातात वायर घेऊन टीव्हीपाशी उभेच होते.

"भाऊ, टीव्ही राहू द्या," मी म्हटलं.

"मंग शिकवणार कोण?"

"मी."

"तुम्ही?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या खडूकडे. "ग्रामर येते का तुमाले?"

"एका धड्यापुरतं येते."

ते वायर गुंडाळत दाराशी बसले. मला तुमच्यासारखं नाटक जमत नाही, म्हणून मी पंगत बसवली नाही. फळ्यावर लिहिलं. पहिल्यांदा अक्षर एवढं बारीक आलं की मागच्या बायांनी ओरडा केला. पुसून मोठं लिहिलं. यू एट. त्याखाली, डिड यू ईट. गठोड्याची गोष्ट सांगितली. ज्या बाया वर्षानुवर्षं वावरातून गठोडं आणतात त्यांना दुसऱ्यांदा सांगावी लागली नाही. प्रत्येकीने शेजारणीला विचारलं, मग सगळ्यांनी मिळून वामनभाऊंना विचारलं. ते गडबडून म्हणाले, "जेवलो बाप्पा, जेवलो." माझा गळा कोरडा पडला होता आणि पाठ घामाने भिजली होती. हे काम शिलाईपेक्षा अंगावर येतं, हे तुम्ही कधी कळू दिलं नव्हतं.

लीलाबाईंनी वाक्य किती वेळा पुटपुटलं कोण जाणे. मग फोन काढला. बाया त्यांच्या मागे दाटीने बसल्या. अनु दिसली, केस ओले, सवयीने ताट घेऊन.

"अनु," लीलाबाई म्हणाल्या आणि थांबल्या. मग एक एक शब्द ठेवत गेल्या. "डिड यू ईट?"

अनुने ताट खाली ठेवलं. मग तिचा सगळा चेहराच बदलला.

"नॉट येट, अम्मा," ती म्हणाली. आणि लगेच, "डिड यू ईट?"

मी फक्त विचारायला शिकवलं होतं. उलट कोणी विचारेल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. लीलाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगायला तोंड उघडलं, तोवर त्या फोनकडे वळल्याही होत्या. पाठ ताठ करून, घाई न करता, त्या म्हणाल्या, "येस. आय एट भाकर. आय एट हॉट भाकर."

हे मी शिकवलेलं नव्हतं, ताई. मी तोंड मिटलं, फळा पुसला आणि पुढच्या बाईला हाक मारली.